सत्तर सेंटिमीटरचं स्थलांतर

ओर्जीव गाव आजवर जागचं तसूभरही हललेलं नाही, पण त्याचा पत्ता सात वेळा बदलला आहे. आधी लिएजच्या बिशपचं राज्य होतं. मग फ्रेंच आले, मग डच, मग बेल्जियम नावाचा नवाच देश निघाला आणि मध्ये दोनदा जर्मन येऊन गेले. झेली गास्पारची पणजी म्हणायची, "आपण आपले बटाटे खणावेत. कुणाच्या राज्यात खणले ते संध्याकाळी कळतं." बाई शहाणी होती, आणि बटाटेही तिचेच चांगले यायचे.

एवढी राज्यं आली नि गेली, गावाच्या केसालाही धक्का लागला नाही. धक्का दिला तो ब्रसेल्सच्या कुठल्याशा कपाटातल्या नकाशाने. १९७७ साली सरकारच्या मनात आलं, की देशात पालिका फार झाल्या, चार-चार पाच-पाच एकत्र बांधाव्यात. तोवर ओर्जीवला स्वतःची पालिका होती, स्वतःचा शिक्का होता आणि एक नगराध्यक्षही होता, जो उरलेल्या वेळात लोकांची डुकरं कापून द्यायचा. आता हे गाव अलीकडच्या सालमोंला जोडावं की पलीकडच्या ब्रेंकूरला, यावर समितीत जुंपली. तेवढ्यात कुणा उंटावरच्या शहाण्याला नकाशावर गावाच्या मधोमध एक निळी रेघ दिसली. ती बीएम ओढ्याची. लगेच हुकूम निघाला: ओढ्याच्या डाव्या काठचं ओर्जीव सालमोंचं, उजव्या काठचं ब्रेंकूरचं.

नकाशा दीडशे वर्षांपूर्वीचा होता. बीएम ओढा गिरणीवाल्याने केव्हाच दोनशे पावलं पलीकडे, आपल्या चाकाखाली वळवून नेला होता. त्याच्या कोरड्या पात्रात सपाट जमीन आयती मिळाली म्हणून लोकांनी घरं बांधली होती. त्यातलंच एक घर झेलीचं. ओढा हलला हे अख्ख्या गावाला माहीत होतं, पण गावाला विचारलं कुणी?

जानेवारीत एक कारकून नकाशा, फीत आणि खडू घेऊन आला. हद्दीची रेघ त्याने झेलीच्या उंबऱ्यावरून आत घेतली, स्वयंपाकघरातून नेली, झोपायच्या खोलीत शिरवली आणि थेट पलंगावर चढवली. पायथ्यापासून उशापर्यंत, बरोब्बर मधून.

"नियम असाय," कारकून म्हणाला, "माणूस जिथे झोपतो तिथला तो रहिवासी. तेव्हा पलंग जरा सरकवा."

"सरकत नाही," झेलीचा नवरा ओदों म्हणाला. "बापाने खोलीतच बसून बांधलाय. अक्रोडाचा आहे. भिंती पाडल्यात तर सरकेल."

कारकुनाने भिंतींकडे पाहिलं. भिंती जाड होत्या.

"मग कोण कुठल्या बाजूला झोपतं?"

झेली तेव्हा पन्नाशीची होती, तरी लाजली. "भिंतीकडे हे," ती म्हणाली. "खिडकीकडे मी."

त्याने तसं लिहून घेतलं. ओदों गास्पार, रहिवासी सालमों. झेली गास्पार, रहिवासी ब्रेंकूर. घर एक, पत्ता एक, जुन्या उताराची गल्ली, घर नंबर चार. कारकून साखरेच्या तार्तचे दोन तुकडे खाऊन निघून गेला आणि त्याने घातलेला घोळ तसाच राहिला.

पुढची सव्वीस वर्षं त्या घरात काय काय झालं ते सांगायचं तर दिवस पुरणार नाही. मतदानाच्या रविवारी ओदों चालत सालमोंला जायचा आणि झेली अकरा किलोमीटर ब्रेंकूरला, कारण आमच्या देशात मत न देऊन चालत नाही. कचऱ्याच्या पिशव्या दोन रंगांच्या, सालमोंच्या निळ्या आणि ब्रेंकूरच्या पिवळ्या. बटाट्याची सालं कुठल्या पिशवीत टाकायची ते सोलणारा कुणीकडे बसला होता त्यावर ठरायचं. घरासमोरचा खड्डा मात्र कुणीच बुजवला नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी त्या रस्त्याची गत झाली. लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा रिवाजाप्रमाणे नगराध्यक्ष फुलं घेऊन आले, ते दोन आले. दोघांनी एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभं राहून एकाच वेळी भाषण केलं, आणि दोघांनी एक-एक वायुभारमापक भेट दिला. दोन्ही अजून समोरासमोरच्या भिंतींवर आहेत. सालमोंचा कायम ऊन दाखवतो, ब्रेंकूरचा पाऊस.

ओदोंला या सगळ्याची भारी मौज वाटायची. कॅफेत पेकेत या आमच्याकडच्या कडक दारूचा छोटा पेला हातात आला, की तो हमखास सांगायचा, "माझी बायको रोज झोपेत हद्द ओलांडते. तीही कागदपत्रांशिवाय! हात टाकते माझ्या अंगावर, नि सकाळी म्हणते, मी कुठे?"

झेली ते ऐकून त्याला फडक्याने मारायची.

ओदों गेला त्याला पाच वर्षं झाली. दफनभूमी घराच्या मागेच, कोंबड्यांच्या खुराड्यापलीकडे. अगदी शेवटच्या रांगेत, कोपऱ्यात त्याची कबर. तिच्या उजवीकडे एक रिकामी जागा, आणि मग कुंपणाची भिंत. ती जागा झेलीची. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण गावात ज्याला त्याला ठाऊक होतं, आणि झेली दर रविवारी दोन्ही जागांवरचं गवत काढायची. आपल्या जागेवरचं जरा जास्त निगुतीने.

आणि मग सप्टेंबरात सालमों पालिकेचं पत्र आलं. ओर्जीवच्या दफनभूमीत आता सातच जागा उरल्या आहेत, सबब यापुढे तिथे फक्त सालमोंच्या नोंदणीवरच्या रहिवाशांनाच पुरलं जाईल. इतरांनी आपापल्या पालिकेशी संपर्क साधावा.

झेलीने पत्र दोनदा वाचलं. मग चष्मा पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. ब्रेंकूरची दफनभूमी तिला माहीत होती. उघड्या टेकाडावर, वाऱ्यात, आजूबाजूला सगळे ब्रेंकूरचे लोक, जे कार्निव्हलच्या मिरवणुकीत ओर्जीवच्या लोकांवर सडके कांदे फेकतात. तिथे जन्मभर, म्हणजे त्यानंतरचा जन्मभर, एकटीने पडून राहायचं? मरायची तिला भीती नव्हती. एक्याऐंशी वर्षं झाली होती, गुडघे गेले होते. भीती होती ती ओदोंशेजारी नसण्याची.

दुसऱ्या दिवशी ती बसने सालमोंला गेली. पालिकेच्या खिडकीमागे मादाम पिरॉत होत्या, वीस वर्षं त्याच खुर्चीत.

"तुम्ही ब्रेंकूरच्या आहात," कॉम्प्युटरकडे बघत मादाम पिरॉत म्हणाल्या.

"मी ओर्जीवची आहे."

"नुसतं ओर्जीव यात नाही. ओर्जीव-सालमों आहे आणि ओर्जीव-ब्रेंकूर आहे."

"बाई, मी तिथे जन्मले!"

"असेल. पण यात नाही."

झेलीने कपाळाला हात लावला. शेवटी मादाम पिरॉतनीच वाट दाखवली, कारण मनाने त्या वाईट नव्हत्या. स्थलांतराचा अर्ज करायचा. मग पंधरा दिवसांत सालमोंचा हवालदार न कळवता घरी येऊन बघेल, की बाई खरंच तिथे राहतात की नुसत्या कागदावर. त्याने होकार दिला की झालं.

"सध्या कुठे राहता?"

"जुन्या उताराची गल्ली, घर नंबर चार."

"आणि कुठे जाणार?"

"जुन्या उताराची गल्ली, घर नंबर चार."

मादाम पिरॉतनी मान वर न करता लिहून घेतलं. "अंतर किती?"

झेलीने मनाशी हिशेब केला. गादी एक मीटर चाळीसची. "सत्तर सेंटिमीटर."

"सामानाचा ट्रक येणार का? रस्त्यावर जागा राखून ठेवावी लागते."

"एक उशी आहे."

"म्हणजे सामान आहे," मादाम पिरॉत म्हणाल्या. त्यांनी रकान्यात फुली मारली. दोन दिवसांनी सालमोंची माणसं आली आणि झेलीच्या दारात खड्ड्याच्या दोन्ही बाजूंना 'स्थलांतर चालू, वाहने लावू नयेत' अशा पाट्या लावून गेली. त्या गल्लीत वाहन होतं एकच, युलालीची हातगाडी. शेजारीण म्हणून युलालीने ती मुकाट्याने हलवली, पण हे सगळं काय आहे ते विचारल्याशिवाय थोडीच राहणार होती.

"म्हणजे तुला फक्त ओदोंच्या बाजूला झोपायचंय?" सगळं ऐकून युलाली म्हणाली. "हात्तिच्या! मला वाटलं काय नि काय."

हात्तिच्या म्हणणं सोपं होतं. पण पाच वर्षांत झेलीने त्या बाजूला हात लावला नव्हता. गादी जुनी, लोकरीची. चोपन्न वर्षांत तिच्यात दोन खळगे पडले होते, एक ओदोंचा मोठा, एक झेलीचा लहान, आणि दोघांच्या मध्ये दोन शेतांमध्ये असतो तसा बांध. चादर बदलतानासुद्धा ती त्याच्या खळग्यावरून हात फिरवायची नाही, न जाणो, बुजेल.

ती त्या बाजूला शिरली ती भर दुपारी, सवय व्हावी म्हणून. खळगा तिला मोठा होता, ती त्यात घरंगळून तळाशी गेली. पाठ भिंतीला लागली आणि ती दचकली. भिंत बर्फासारखी होती. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ही तऱ्हा, मग जानेवारीत काय असेल? चोपन्न वर्षं तो माणूस या भिंतीला पाठ लावून झोपला आणि एका शब्दाने बोलला नाही. उलट तीच रोज कुरकुरायची, की खिडकीतून वारा येतो. झेलीला इतकं रडू आलं की तिला आवरेना. "मेल्या," ती भिंतीला म्हणाली, "सांगायचंस तरी."

सालमोंचा हवालदार ओक्ताव्ह लांबियोत. त्याची आई आणि झेली शाळेत एका बाकावर बसायच्या. त्यामुळे ओक्ताव्हने स्वतःपुरता एक नियम केला होता: डोक्यावर टोपी असली की 'मादाम', टोपी काढली की 'मावशी'. एका मंगळवारी सकाळी सात वाजता तो टोपी घालून आला. किल्ली फुलाच्या कुंडीखाली असते हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. तो आत गेला, खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबला.

झेली खिडकीकडच्या बाजूला गाढ झोपली होती. रात्री आडवी झाली होती ती ओदोंच्या जागी, पण झोपेत शरीर आपल्या खळग्यात परत आलं होतं. एवढ्या वर्षांची सवय, तिला कुठली पालिका कळते?

ओक्ताव्हची पंचाईत झाली. तिला उठवावं, तर ती झोपली होती ब्रेंकूरच्या हद्दीत. तिथे त्याला अधिकार नव्हता. न उठवता परत जावं, तर अहवालात 'रहिवासी आढळल्या नाहीत' लिहावं लागेल, आणि समोर तर त्या घोरत होत्या. तो पाऊल न वाजवता अंगणात गेला आणि त्याने ब्रेंकूरच्या हवालदाराला फोन लावला. वीस मिनिटांत जिस्लें आला. हा जिस्लें तरुण, नव्या भरतीचा, खिशात कायम मोजफीत बाळगणारा.

झेलीने डोळे उघडले तेव्हा पलंगाच्या दोन बाजूंना दोन पोलीस उभे होते.

"कोण मेलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही, मादाम," ओक्ताव्ह म्हणाला. "तुम्ही चुकीच्या बाजूला आहात."

"चुकीच्या कशा?" जिस्लें म्हणाला. "माझी रहिवासी माझ्या हद्दीत झोपलीय. नियमाप्रमाणे आहे सगळं." त्याने वहीत लिहून घेतलं. "मादाम ब्रेंकूरमध्ये प्रत्यक्ष आढळल्या. सात वाजून बावीस मिनिटं."

"अरे लेका, मी सरकले झोपेत!"

"ते मी झोपेत लिहीत नाहीये, मादाम."

ओक्ताव्हने टोपी काढली. "मावशी," तो हळूच म्हणाला, "मी पुन्हा येईन. कधी ते सांगता येत नाही. पण त्या बाजूला काहीतरी आडवं टाका."

काय आडवं टाकायचं ते युलालीने सांगितलं. आमच्याकडे हिवाळ्याची सफरचंदं झोपायच्या थंड खोलीत पसरतात, एकमेकांना न टेकवता. दरवर्षी झेली ती कपाटावर पसरायची, यंदा तिने ती आपल्या खळग्यात पसरली. आता झोपेत सरकली की बरगडीत सफरचंद टोचायचं आणि ती कण्हत परत ओदोंच्या खळग्यात जायची. सहा दिवस तिने असे काढले. अंग काळंनिळं झालं, थंड भिंतीने पाठ धरली, पण तिने माघार घेतली नाही.

सोमवारी सकाळी ओक्ताव्ह आला. या वेळी जिस्लेंही बरोबर होता, कारण त्याला आपला रहिवासी असा हातचा जाऊ द्यायचा नव्हता. झेली भिंतीकडे, तोंड उघडं टाकून झोपली होती. दुसऱ्या बाजूला बेचाळीस सफरचंदं.

"सालमों," ओक्ताव्ह समाधानाने म्हणाला.

"पाय बघ," जिस्लें म्हणाला.

पाय बघितले. झेली तिरकी झोपली होती. पावलं बांध ओलांडून सफरचंदांत गेली होती.

"पावलं ब्रेंकूरला आहेत."

"पावलांना मत नसतं, जिस्लें."

"नियमात तसं कुठे लिहिलंय?"

"हे बघ, डोकं जिथे, माणूस तिथे. तू खिडकीतून डोकं बाहेर काढून पाऊस बघतोस, तेव्हा घराबाहेर असतोस का?"

"हो मग. डोकं जिथे, माणूस तिथे, तूच म्हणालास."

ओक्ताव्हला स्वतःच्याच मुद्द्याने तोंडावर पाडलं. पण तो हटला नाही. त्याने तिथेच, कपाटावर वही टेकवून अहवाल लिहिला आणि नऊ वाजायच्या आत मादाम पिरॉतच्या खिडकीत नेऊन दिला. साडेनऊला झेली गास्पार सालमोंची रहिवासी झाली. दहाला युलालीने पेकेतची बाटली उघडली. झेलीने दोन पेले घेतले, मागे जाऊन ओदोंला बातमी सांगितली आणि आपल्या जागेवरचं एक चुकार गवताचं पातं उपटलं. कित्येक दिवसांनी तिला हलकं वाटत होतं.

जिस्लें मात्र पालथा घडा. त्याने वर तक्रार केली होती, की मुळात हद्द पलंगाच्या मधून जाते हे एका कारकुनाने खडूने ठरवलेलं आहे, तेव्हा सरकारी मोजणी व्हावी. एरवी सरकारी काम आणि सहा महिने थांब. पण ज्या कामाने माणसाचं वाईट होणार असतं ते कसं कोण जाणे लगेच होतं. गुरुवारीच मोजणीवाला आला. उंच, अबोल, सर्दी झालेला माणूस. तीन पायांवरचं यंत्र, गुंडाळलेला नकाशा आणि लाल फिती बांधलेल्या खुंट्या. मागोमाग मादाम पिरॉत आल्या, दोन्ही हवालदार आले, आणि युलाली तर आधीच खुर्ची घेऊन बसली होती.

मोजणीवाल्याने, पूर्वी लोक जिथून ओढा ओलांडायचे त्या जुन्या उताराच्या दगडापासून सुरुवात केली. उंबरा, स्वयंपाकघर, पलंग. तो गादीवर वाकला, यंत्रात बघितलं, शिंकला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "खडूवाल्याचं बोटभरही चुकलेलं नाही."

"बघ!" ओक्ताव्ह जिस्लेंला म्हणाला.

झेलीने सुटकेचा श्वास सोडला आणि कॉफी टाकायला वळली. पण मोजणीवाला थांबेना. काम हातात घेतलं की ते ओढ्याच्या वळणापर्यंत न्यायचं असा त्याचा खाक्या. रेघ घेऊन तो उशाकडच्या भिंतीपलीकडे अंगणात गेला. खुराड्यातून गेला, कोंबड्या ओरडल्या. मग तो दफनभूमीच्या कुंपणाशी थांबला आणि एक पाय भिंतीवर टाकला.

"तिकडे कुठे?" मादाम पिरॉत म्हणाल्या. "दफनभूमी पूर्ण सालमोंची आहे. तिचं फाटक आमच्या रस्त्यावर उघडतं."

"फाटक कुठेही उघडू दे," मोजणीवाला म्हणाला. "ओढा इथून गेला."

तो भिंत चढून उतरला. बाकीचे फाटकाने वळसा घालून गेले. कोपऱ्यात पोचले तेव्हा त्याने खुंटी ठोकलीसुद्धा होती. लाल फीत वाऱ्यावर हलत होती. खुंटीच्या डावीकडे ओदोंची कबर, उजवीकडे रिकामी जागा, मग कुंपण. रेघेने दफनभूमीचा तेवढाच एक कोपरा छाटला होता.

सगळ्यांनी आधी खुंटीकडे पाहिलं, मग रिकाम्या जागेकडे.

"म्हणजे," मादाम पिरॉत सावकाश म्हणाल्या, "ओदों सालमोंमध्ये. आणि ही रिकामी जागा..."

"ब्रेंकूर," जिस्लें म्हणाला. आपण जिंकलो की काय, हे त्यालाच कळेना. त्याने फोन लावला. "हॅलो, आपली ओर्जीवमध्ये दफनभूमी आहे का? नाही? आता आहे... किती मोठी?" त्याने जागेकडे बघितलं. "एका माणसापुरती... नाही, अजून भरलेली नाही." तो ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "हो. कळलं. आपल्या सगळ्या दफनभूमींचाच नियम इथेही. फक्त ब्रेंकूरच्या रहिवाशांसाठी."

सगळे झेलीकडे बघायला लागले.

झेली कबरीच्या काठावर मटकन बसली. सहा दिवस ती थंड भिंतीला पाठ लावून झोपली होती. बरगड्यांत सफरचंदं टोचून घेतली होती. आणि एवढं करून तिने काय मिळवलं, तर जी जागा जन्मभर तिचीच होती, नोंदणीसकट, कागदासकट, सरकारच्या नकाशासकट, तीच सोमवारी साडेनऊ वाजता स्वतःच्या हाताने घालवली. तिने काहीच केलं नसतं तर सगळं आपोआप झालं असतं. तिला हसावं की रडावं कळेना, मग दोन्ही एकदमच आलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "आमची पणजी सांगायची, आपण आपले बटाटे खणावेत."

"परत अर्ज करा," मादाम पिरॉत म्हणाल्या. "ब्रेंकूरला. स्थलांतराचा. पण ते वेळ लावतात हो. महिना, दोन महिने. आणि तोवर..." एक्याऐंशी वर्षांच्या बाईला 'तोवर'पुढे काय ते सांगायची गरज नव्हती.

झेलीने मान वर केली. खुंटीकडे बघितलं, ओदोंच्या दगडाकडे बघितलं, मग मागे आपल्या घराकडे. उशाकडच्या भिंतीपासून इथवर एकच सरळ रेघ येत होती. तिने बोट दाखवलं.

"ही रेघ तीच ना, पलंगावरची?"

"तीच," मोजणीवाला म्हणाला.

"म्हणजे हे डावीकडे आणि मी उजवीकडे."

"हो."

"घरी झोपतो तसंच."

मोजणीवाला शिंकला आणि त्याने होकारार्थी मान हलवली. मग झेली जिस्लेंकडे वळली. तिचा आवाज आता कारकुनाला तार्त वाढतानाचा झाला होता, म्हणजे नाही म्हणायची सोय नसलेला. "काय रे, वहीवाल्या. तू मला एकदा ब्रेंकूरमध्ये झोपलेली बघितलंयस. परत बघशील?"

जिस्लेंने टोपी काढली. टोपीशिवाय तो फारच लहान दिसत होता. "आज दुपारी अर्ज मी स्वतः नेऊन देतो," तो म्हणाला. "त्यांच्या टेबलावर बसून राहतो. आणि उद्या सकाळी सातला येतो. कळवून येतोय हे कुणाला सांगू नका... मावशी."

त्या दुपारी युलाली आणि झेलीने सफरचंदं उचलून कपाटावर पसरली. बेचाळीसपैकी एकेचाळीस निघाली. एक सापडेना. दारातल्या पाट्या तशाच ठेवल्या, कारण स्थलांतर अजून चालूच होतं, फक्त उलट्या दिशेने.

सकाळी सातला जिस्लेंने कुंडीखालची किल्ली घेतली. ओक्ताव्ह स्वयंपाकघरातल्या आपल्या अर्ध्या भागात थांबला. त्याचं आता काम नव्हतं, पण घरी बसवेना. जिस्लें दारात उभा राहिला. झेली खिडकीकडे, आपल्या लहान खळग्यात, गुडघे पोटाशी घेऊन शांत झोपली होती. डोकं ब्रेंकूरमध्ये. पावलं ब्रेंकूरमध्ये. त्याने वही उघडली, लिहिलं, 'प्रत्यक्ष आढळल्या', आणि वही मिटता मिटता थांबला.

"ओक्ताव्ह," तो दबक्या आवाजात म्हणाला, "एक हात तुझ्या हद्दीत आलाय. लिहू का?"

ओक्ताव्हने दारातून डोकावलं. हात बांधावरून पलीकडे गेला होता आणि ओदोंच्या मोठ्या खळग्यात पालथा पडला होता.

ओक्ताव्हने टोपी काढली.

"राहू दे," तो म्हणाला. "चोपन्न वर्षं येतोय तो."